तिसरी पिन

कार्यक्रमात स्पीकर घरघरू लागला, की तुम्ही आधी कोणावर खेकसता? मी धुळ्यात साउंडवाल्यावर खेकसलो. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी सभा होती, लॅपटॉप आणि छोट्या सिंथ कीबोर्डवर मी गाणी वाजवणार होतो, माझी मैत्रीण गाणार होती, आणि घरघर थांबत नव्हती.

"माझ्या चार्जरची तिसरी पिन तोडा. अर्थिंग गेलं की घरघर जाते. एवढंही येत नाही?" मी सगळ्यांसमोर म्हणालो.

पन्नाशीच्या त्या किरकोळ अंगाच्या माणसानं हातातली पक्कड शांतपणे खिशात ठेवली. "भाऊ, माईक ताईना हातमा शे. करंट उना ते गाणं म्हनाले कोण राही?"

माझी मैत्रीण खरंच लोखंडी जाळीचा माईक हातात धरून उभी होती; करंट आला असता तर तिलाच बसला असता, मग गायला कोण उरलं असतं?

त्यानं माझा चार्जर भिंतीवरून काढला आणि साउंड मिक्सर ज्या बोर्डात होता त्यातच लावला. दोन्हींचं अर्थिंग एका जागी आलं आणि घरघर गेली. स्पीकरवर तळहात ठेवून त्यानं खात्री केली, मग तो वायरी सरळ करू लागला.

कामगाराचा जीव स्वस्त नाही, असं त्या सभेचं पत्रक मीच लिहिलं होतं. तरी मी त्याची माफी मागितली नाही, नावही विचारलं नाही. सरळ गाणं सुरू केलं. आजही ते आठवून मान खाली जाते.

तुमच्यासमोर कोणी ती पिन तोडायला निघालं, तर त्याचा हात धरा.