पुठ्ठ्यावर नसलेलं शून्य

महाडच्या टायपिंग क्लासात मंजुळाबाई मोरे दोन गोष्टी शिकल्या. एक, नजर कागदावर, बटणांकडे बघायचं नाही. दुसरी, क्लासातल्या जुन्या मशीनला शून्य नव्हतंच, तेव्हा शून्य हवं असलं की मोठा ओ दाबायचा. वीस वर्षं बाईंच्या बोटांनी तेच केलं, नि कुणाचं काही अडलं नाही.

सत्त्याऐंशी साली पोलादपूरच्या त्यांच्या शाळेत कॉम्प्युटर आला, आणि टायपिंग येतं म्हणून बाईंच्याच गळ्यात पडला. पुण्याला दहा दिवस शिकून आल्या. एका मशीनभोवती चौदा मास्तर, बाईंनी मागं उभं राहून वही तेवढी भरली. परत आल्या तर स्टॅबिलायझरचा पत्ता नाही, मशीन कपाटात. मग बाईंनी टाइपरायटर आठवून पुठ्ठ्यांवर बटणं काढली नि बत्तीस पोरांना वाटली. आंबेनळीकडच्या वाडीवरची शकू तर म्हशींमागं जातानाही पुठ्ठा काखेत मारून जायची.

मशीन पाढेही मांडून दाखवील असं बाई सांगायच्या, तेव्हा हेडमास्तर महिपती सर हसायचे. "पाढे मशीन म्हणणार, मग पोरांनी काय म्हणायचं, बाई? आरती?"

स्टॅबिलायझर बसला नि दुसऱ्याच दिवशी अलिबागहून शिक्षण खात्याचे साहेब आले. त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की आज चालवून दाखवा, नाहीतर मशीन महाडला हलवतो. तिथली शाळा कधीची मागते आहे.

एकोणतीसचा पाढा पडद्यावर आणायचा होता. चपला बाहेर काढून पोरं भिंतीला चिकटली. बाईंनी नजर वहीवर ठेवून दहा, वीस, तीस असे नंबर घालून हुकमांच्या ओळी झरझर टाइप केल्या नि मशीनला चाल म्हणून सांगितलं. पडद्यावर एकच शब्द उमटला, मिस्टेक.

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून केलं, सावकाश. पुन्हा तेच.

व्होल्टेज कमी असेल, असं महिपती सर पुटपुटले. साहेबांनी घड्याळ बघितलं, फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"बाई," मागून शकू आली. "शून्य हितं हाय. नऊच्या म्होरं. आपल्या पुठ्ठ्यावर नाय त्ये."

"गप गो," सर म्हणाले. "बाईंना शिकवतेस?"

वीस वर्षांत पहिल्यांदा बाईंनी बोटांखाली बघितलं. नऊच्या शेजारी शून्य होतं. म्हणजे शून्याऐवजी ओ पडून प्रत्येक ओळीचा नंबर चुकला होता, आणि बत्तीस पुठ्ठेही. व्होल्टेजवर ढकललं असतं तर साहेबांना पटलं असतं, बाईंची अब्रू राहिली असती. मशीन मात्र गेलं असतं.

बाई खुर्चीवरून उठल्या.

"व्होल्टेज ठीक आहे, साहेब. मीच पोरांना चुकीचं शिकवलंय. ही करील."

शकू खुर्चीच्या टोकाला टेकली. एका बोटानं एकेक बटण दाबत गेली. शून्याशी आली की जरा थांबायची, मग दाबायची. साहेब पेन उघडं धरून उभे. शेवटचं बटण तिनं बाईंकडे बघून दाबलं.

एकोणतीस. अठ्ठावन्न. सत्त्याऐंशी. आकडे खाली उतरू लागले, आणि भिंतीला चिकटलेली पोरं सवयीनं त्यांच्याबरोबर पाढा म्हणू लागली. महिपती सरांनी त्यांना गप्प केलं नाही.

"राहू दे इथंच," साहेब म्हणाले, आणि तसाच शेरा लिहिला.

साहेबांची जीप गेल्यावर बाईंनी सगळे पुठ्ठे मागून घेतले नि नऊच्या पुढं एकेक चौकोन काढत बसल्या. एकतीस झाले. बत्तिसावा शकूनं दिला नाही.

"माज्यावर मी काढलंय," ती म्हणाली.

"बघू," बाई म्हणाल्या, आणि तिच्यासारखंच शून्याशी जरा थांबून, मग बोटानं दाबून बघितलं.