तळ दिसला पाहिजे

जेवायला बोलावलं की काका आधी पाटावर बसायचे नाहीत. सरळ चुलीपाशी जायचे, झाकण उचलायचे, पळीने आतला ऐवज बाजूला सारायचे आणि मान वाकवून बघायचे. "तळ दिसला पाहिजे," म्हणायचे. "नसंल दिसत तर मी आपला दह्यासंग भाकर खातो."

दुसऱ्याच्या घरी पेला हुंगून पाणी पिणारे एकदोघे तुम्हीही पाहिले असतील. आमचे काका, म्हणजे माझे चुलतसासरे, त्या सगळ्यांचे बाप होते.

गुलमंडीच्या मागच्या बोळात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. कचेरीत कारकून. निजामाच्या शाळेत शिकलेले, त्यामुळे नाकसुद्धा उर्दूत मुरडायचे. "गलीज!" एवढा एक शब्द म्हणायचे आणि समोरच्या बाईचा सगळा स्वयंपाक मातीत जायचा.

मी पाचोडची. आमच्याकडे शेतावरच्या गड्यांसह वीस-पंचवीस माणसं जेवायची, म्हणून आईने लग्नात मला पितळेची खोल भगुनी दिली होती. सासरी पहिला स्वयंपाक केला तेव्हा काका आले, भगुन्यात डोकावले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सूनबाई, ही विहीर हाय. विहिरीत काय मेलंय ते फुगून वर आल्यावरच कळतं." माझ्या सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. त्या दिवसापासून मला त्या माणसाची शिसारी बसली.

त्यांच्या घरी सगळी भांडी उथळ. बसक्या लंगड्या, पसरट पातेली, बोटभर काठाच्या थाळ्या. त्यांत वरण उकळलं की भिंतीवर उडायचं, आणि भात खाली करपून वर कच्चा राहायचा. काकू म्हणायच्या, "एका भांड्यात मावतं ते मी तिनांत रांधते आणि तीन घासते. वर ह्यांना वाढते." आणि हा स्वच्छतेचा पुतळा स्वतः तपकीर ओढून नाक धोतराच्या सोग्याला पुसायचा. सोगा कायम तपकिरी. त्याच हाताने माझ्या भगुन्यावरचं झाकण उचलायचे.

एकदा त्यांनीच कारण सांगितलं. लहानपणी बोर्डिंगात मोठ्या खोल डेगेतल्या आमटीतून त्यांच्या ताटात काहीतरी पडलं होतं. काय पडलं तेही सांगितलं, पण ते मी इथं लिहीत नाही. तुम्हाला जेवायचं असेल.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये शशी होती. त्यांची एकुलती एक मुलगी, सालस पोर. तिचं एक जमलेलं लग्न काकांनी मोडलं. मुलाच्या घरी गेले आणि थेट आत जाऊन चहाचं पातेलं तिरपं करून पाहिलं. मुलाचे वडील म्हणाले, "आमच्या घरात मेलेलं शिजतं असं वाटलं व्हय तुम्हाला?" बोळात बातमी पसरली. त्यानंतर दोन वर्षं शशीला बघायला कोणी आलं नाही.

मग देवगाव रंगारीचं स्थळ आलं. शेतीवाडी, मोठं घर. लग्न त्यांच्या दारी ठरलं. आम्ही ट्रकमधून निघालो तेव्हा काकांनी सामानात आपली एक लंगडी घेतली. काकूंनी ती गुपचूप माझ्या पायाशी सरकवली. "हिच्यावर बसून ऱ्हा बाई. दिसू देऊ नको कुणाला."

मांडवामागे माणूसभर उंचीच्या दोन डेगा चुलवणावर चढलेल्या. येसर मसाल्याची आमटी खदखदत होती. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, त्याला हळदकुंकू लावलेलं, आणि शेजारी नवऱ्या मुलाची आजी राखण करत बसलेली. काका सवयीने तिकडे निघाले.

"पाव्हणं, कुठं निघाले?" आजी म्हणाली. "त्यात बघायचं नसतं. पंगत उठंस्तोवर तळ दिसला की बरकत जाती."

"नुसतं बघतो. हात नाय लावत."

"आमच्यात नाय चालत. आन् एक सांगते, पोरीच्या बापानं पहिला भुरका मारल्याबिगर आमची पंगत जेवत नाय."

काका तिथेच थांबले. शशी हळदीच्या हातांनी दाराची चौकट धरून बापाकडे बघत होती. तिला माहीत होतं, आणि आम्हालाही. आज हा माणूस "गलीज" म्हणाला की मांडव रिकामा होणार.

पंगत बसली. काकांच्या पुढ्यात द्रोण भरला. काळपट आमटी, वर तेलाचा तवंग, खाली काय आहे ते ब्रह्मदेवाला ठाऊक. व्याही हात आवरून बसले होते. काकांनी द्रोणात पाहिलं, शशीकडे पाहिलं, द्रोण दोन्ही हातांनी उचलला आणि एरंडेल पिणाऱ्या पोरागत एका दमात रिकामा केला. डोळ्यांतून पाणी आलं.

"वाढा अजून," म्हणाले.

दुसराही प्यायले. व्याही खूश झाले. "लई दिलदार माणूस," म्हणाले, आणि पंगत जेवू लागली. मलाही आमटी चवदार लागली. मीही दोन द्रोण घेतले.

दुपारी मागच्या अंगणात डेगा आडव्या केल्या तेव्हा मी हात धुवायला गेले होते. एका डेगेच्या तळातून गाळाबरोबर आचाऱ्याचा पंचा बाहेर आला. सकाळपासून तो ज्याने मान आणि काखा पुसत होता, तोच. शिजून मऊ झाला होता, रंग आमटीचा. आचाऱ्याने पायाने तो राखेच्या ढिगात ढकलला आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला. माझ्या घशाशी दोन्ही द्रोण आले.

वळले तर भिंतीआडून काका येत होते, तोंड पुसत. ओकून आले होते हे कळत होतं.

"सूनबाई, तळ बघितला?"

"बघितला."

"काय व्हतं?"

मांडवात शशीला ओवाळत होते. बायका हसत होत्या.

"काही नाही, काका. लख्ख होता."

ते राखेच्या ढिगाकडे बघत होते. पंच्याचं एक टोक बाहेर राहिलं होतं. म्हणाले, "छान. मंग बरकत ऱ्हाईल पोरीच्या घरात." आणि चूळ भरायला गेले.

माझ्या भगुन्यांत ते पुढेही डोकावत राहिले, शेवटच्या आजारपणापर्यंत. माझा रागही तसाच राहिला.

त्यांच्या तेराव्याला देवगावची माणसं आपली डेग घेऊन आमच्या बोळात आली. तोंडाला फडकं बांधलेलं. शशी स्वतः वाढत होती, आता तिचीही मुलं मोठी झाली आहेत. माझ्या द्रोणाला मी हात लावला नव्हता.

"वहिनी, घ्या की," ती म्हणाली. "बाबा दुसऱ्याकडं कुठंच जेवायचे नाहीत. आमच्याकडं आले की मात्र दोन-दोनदा मागून घ्यायचे. आमच्या घरची आमटी लई आवडायची त्यांना."

मी द्रोण उचलला, संपवला आणि तिच्यापुढे धरला.

"वाढ अजून," म्हणाले.