फुजैराच्या मातीचा वाडगा

२००८च्या पाडव्यानंतर आम्ही डोंबिवली सोडली. टॅक्सी खाली येऊन उभी होती आणि आई माझी बॅग तिसऱ्यांदा उघडून भरत होती. लोणच्याच्या बरण्या तिने आपल्या जुन्या सुती साड्यांत गुंडाळल्या होत्या. "अगं, दुबईत सगळं मिळतं," मी म्हणत होते. "मिळू दे की. साड्या फडक्याला तरी होतील," ती म्हणाली. बाबा जिन्यात इराला कडेवर घेऊन उभे होते. इरा तेव्हा पाच वर्षांची. दुबई काही लांब नाही, दुपारी जेवून निघालं की चहाला पोचतो, असं ते तिला समजावत होते. स्वतः जन्मात विमानात बसलेले नव्हते. टॅक्सी वळली तरी ते हात हलवत राहिले, आणि आई मात्र आधीच आत निघून गेली होती.

तुमच्यातले जे तेव्हा दुबईत होते त्यांना ते दिवस आठवत असतील. माझे पती संजय तेलाच्या साठ्याच्या एका कंपनीत इंजिनिअर, मी जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका फर्ममध्ये आर्किटेक्ट. खिडकीबाहेर पाहावं तिकडे क्रेन. मी एका टॉवरच्या लॉबीचं डिझाइन करत होते आणि आईला फोनवर सांगत होते की इथे रोज एक मजला चढतो. आणि मग वर्ष सरायच्या आत क्रेन थांबल्या. ऑफिसातली टेबलं एकेक करून रिकामी झाली. माझी पाळी आली तेव्हा आमच्या लेबनीज बॉसच्या डोळ्यांत पाणी होतं. "प्रोजेक्ट खलास, मेधा हबीबती," एवढंच तो म्हणाला. ज्यांचं असंच झालं त्यांतले कितीतरी महिन्याभरात सामान आवरून परतले. संजयची नोकरी वाचली, पण त्याची बदली फुजैराला झाली. जग थांबलं तरी जहाजांना तेल लागतच होतं.

डोंगर ओलांडून आम्ही त्या छोट्या गावात आलो. संजय टर्मिनलवर, इरा शाळेत, आणि मी घरात. रोज आरशासारखा ओटा पुसायचा आणि चिडायचं, एवढंच काम उरलं. संजय एकदा हळूच म्हणाला, "तू आणि इरा जा परत. तिकडे तुला काम मिळेल. मी इथे काढतो दोन-तीन वर्षं." मी नाही म्हटलं नाही. इराची परीक्षा झाली की ठरवू, असं ठरलं.

त्याच सुमाराला एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना मला शेजारच्या आवारात एक बाई दिसली. साठीची असेल. डोक्यावर मोठी हॅट, हातात हातोडी, आणि पुढ्यात मांडलेले मातीचे वाडगे ती शांतपणे एकेक करून फोडत होती.

"काय झालं?" मी वरूनच इंग्रजीत विचारलं.

तिने वर पाहिलं, एक वाडगा उचलून दाखवला आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "बीमार."

ती केइको. तिचा नवरा बंदरात सागरी इंजिनिअर होता. त्याच्या बदल्यांबरोबर ती अर्धं जग फिरली होती आणि लग्नाआधी क्योटोमध्ये एका म्हाताऱ्या कुंभाराकडे एकच गोष्ट शिकली होती, चहाचे वाडगे करायला. जपानीत त्याला चवान म्हणतात. त्या दिवशी तिने मला आत बोलावलं, गुडघे टेकून बसली, हिरव्या चहाची पूड वाडग्यात घातली, गरम पाणी ओतलं आणि बांबूच्या छोट्या रवीने घुसळून वर फेस आणला. वाडगा दोन्ही हातांनी फिरवून त्याची चांगली बाजू माझ्याकडे करून पुढे ठेवला. चहा कडू होता. पण मी त्या वाडग्याकडेच बघत राहिले. काळा, जाड, काठ किंचित वरखाली. हातात घेतला तर तळव्यांनी आपोआप त्याच्या बाजूंचे खळगे शोधले. आत एवढं गरम पाणी असून हात भाजत नव्हते. सरळ रेषांवर शिक्षण झालेली मी बाई, त्यात एकही सरळ रेष नव्हती आणि तरी काही चुकलेलं नव्हतं.

"हा ओमानच्या मातीचा," ती म्हणाली. "मी जिथे राहते तिथल्या मातीचा एक वाडगा करते. या जागेने मला अजून दिलेला नाही." आणि उन्हाळ्यानंतर तर त्यांना कायमचं जपानला परतायचं होतं. मंदीत तिच्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं गेलं नव्हतं.

फुजैरामागच्या डोंगरांतून पावसाळी ओढे वाहतात, त्यांना इथे वादी म्हणतात. केइको तिथली माती आणायची. वाडगा चांगला भाजून निघायचा आणि चार दिवसांनी त्याच्या अंगावर फुटकुळ्या उठून टवके उडायचे. मातीत चुन्याचे बारीक कण होते. भाजल्यावर ते हवेतली ओल पिऊन फुगत. तिने जाळीने चाळून पाहिलं होतं, हाताने खडे वेचून पाहिले होते. कण जाळीतूनही निसटत होते.

माझ्या डोळ्यांपुढे एकदम आई आली, डोंबिवलीच्या गच्चीवर कुरडयांचा चीक काढताना. भिजवून वाटलेले गहू फडक्यातून गाळायचे, पातेलं हलवायचं नाही, चीक तळाशी बसला की वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. मी म्हटलं, "कपड्यातून गाळून बघू या का?"

आईच्या साड्या निघाल्या. वर्षानुवर्षं धुऊन त्या सायीसारख्या झाल्या होत्या. बादलीत कालवलेली माती आम्ही दोघींनी साडीची दोन टोकं धरून गाळली. कोपरापर्यंत हात बरबटले. तळाशी बसलेला गाळ गच्चीवर पसरला, तर फुजैराच्या उन्हाने संध्याकाळपर्यंत तो मळण्याजोगा केला. त्या दिवशी मी ओटा पुसायला विसरले.

केइकोने माती चिमटीत धरून पाहिली आणि हसली. "माती फार शहाणी झाली, फार मऊ," ती म्हणाली. मग तिने चुना नसलेल्या दुसऱ्या मातीच्या फुटक्या वाडग्यांची भरड काढून त्यात मिसळली, म्हणजे माती आगीत तग धरेल. मला वाटत होतं ती चाक काढेल. तिने चाक वापरलंच नाही. मातीची जाड चकती हातावर घेतली आणि तळव्यांनी दाबत कडा वर उचलल्या, हळूहळू, जणू काही झोपलेल्या बाळाला उठवते आहे. वाडगा अर्धवट सुकल्यावर तिने तो मांडीवर घेऊन पोलादी वाकड्या पात्याने तासला. तासायची, डोळे मिटायची, हातावर वजन जोखायची, पुन्हा तासायची. तळाचं कडं कोरायला तिने अख्खी दुपार घेतली. जे चहा पिताना कुणाला दिसतही नाही त्याला एवढा वेळ का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "पिणारा धुताना बघतो."

जाण्याआधी एकदाच भाजणं शक्य होतं. आवारातली गॅसची भट्टी रोरावत होती. मी हातमोजे घालून झाकण धरायला, संजय वाळूची बादली घेऊन, इरा लांब पायरीवर. केइकोने आत डोकावून झिलई, म्हणजे वाडग्याला लावलेला काचेचा लेप, वितळून ओली दिसायची वाट पाहिली. मग ती म्हणाली, "यल्ला, चल!" मी झाकण उचललं आणि तिने लांब चिमट्याने तो वाडगा बाहेर काढला. अंगार होता नुसता. त्याच्या आरपार दिसतंय असं वाटावं इतका लाल. आम्ही पाहत असताना तो नारिंगी झाला, करडा झाला आणि मग काळा, काठाजवळ मात्र थोडा तांबूस, वादीतल्या खडकासारखा. झिलईतून बारीक टिणटिण आवाज येत राहिला.

खरी परीक्षा पुढच्या दिवसांत होती. रोज सकाळी मी भिंतीवरून विचारायचे, "बीमार?" ती नाही म्हणून मान हलवायची. आठवडा गेला. अंगावर एकही फुटकुळी उठली नाही. तिने आम्हा तिघांना आणि आपल्या नवऱ्याला त्या वाडग्यातून आळीपाळीने चहा दिला. इराने तोंड वेडंवाकडं केलं, पण सगळा प्यायला.

वाडगा तिच्याबरोबर जपानला गेला. तो तिचाच होता. निघताना तिने भट्टीकडे बोट दाखवलं. "ही जहाजात नेणार नाही. तू कर." मी म्हटलं मला येत नाही. "इन्शाल्ला," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

इराची परीक्षा झाली, पण आम्ही मायलेकी परतलो नाही. संजयने पुन्हा विचारलं तेव्हा माझे हात मातीत होते. माझे पहिले वाडगे बघवत नव्हते. आर्किटेक्टचे वाडगे, चारी बाजूंनी सारखे आणि मेलेले. हाताला रेषा विसरायला लावण्यात वर्षं गेली. पुढे मला काम मिळालं, इमारती पुन्हा चढू लागल्या, पण सुट्टीचा शुक्रवार भट्टीचा. अजूनही केइकोसारखं तळाचं कडं मला जमलेलं नाही. ते जमेल असं वाटतही नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. असं काम जवळून पाहायला मिळालं, हेच पुष्कळ आहे.

बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदा इथे आली. मी केलेल्या वाडग्यात तिला आपला आल्याचा चहा दिला. तिने तो सगळीकडून फिरवून पाहिला. "वाकडं झालंय गं."

"आजी, इट्स नॉट वाकडं, इट्स हँडमेड," इरा म्हणाली.

"असेल. हातात बसतंय मात्र छान," आई म्हणाली आणि रोज त्यातच चहा मागू लागली. पंधरवड्याने ती माझ्याबरोबर वादीत आली. मी माती खणत होते, ती गाडीच्या सावलीत खुर्ची टाकून बसली होती. इतक्यात डोंबिवलीहून मावशीचा फोन आला. मावशीला ऐकू कमी येतं, म्हणून आई मोठ्याने बोलत होती. इतकी वर्षं ती माझ्याबद्दल 'तिकडे असते' एवढंच म्हणायची. नाव घ्यायची नाही, दुबईही नाही, फुजैराही नाही.

"अगं नाही, हॉटेलात कशाला?" ती ओरडून सांगत होती. "मेधाच्या गावाला आलेय. हो, गावाला! डोंगर आहेत, समुद्र आहे. तू पण ये."

मी खणणं थांबवलं. आईला कळलंही नव्हतं ती काय म्हणाली ते. फोन ठेवून तिने मला विचारलं, "झाली का गं तुझी माती? भूक लागली. चल घरी."