नेझाहतचा हक्क

इस्तंबूलच्या त्या मोठ्या मशिदीच्या दारात नेझाहत परदेशी बायकांना डोक्यावर घ्यायला ओढण्या देत बसायची. गुडघे कधीच कामातून गेले होते. बूट काढा, केस झाका, ओढणी परत द्या. तेच ते सांगून आता जीभही दमली होती.

आज अंगणातल्या दगडी ओट्यावर तिच्या नवऱ्याचा, शाकीरचा, ताबूत, म्हणजे मयताची पेटी, येणार होता. ऐन उमेदीत तिला टाकून त्याने दुसरीचं घर धरलं होतं, आणि पुन्हा कधी फिरकला नव्हता.

"ताई, जा की पुढे. शेवटचं आहे," दारावरचा मुअम्मर म्हणाला.

"त्याची वाट बघण्यात माझा जन्म गेला. आता बघू दे त्याला जरा."

मयताच्या वेळी इमाम जमलेल्यांना तीनदा विचारतो, याच्यावरचा तुमचा हक्क सोडलात का? लोकांनी 'सोडला' म्हटल्याशिवाय मेलेला मोकळा होत नाही. अनोळखी मयतांनासुद्धा नेझाहत दारात बसल्या बसल्या 'सोडला' म्हणायची. आज मात्र तोंड उघडायचं नाही, हे तिने पक्कं केलं होतं.

दुपारचा नमाज संपला, ताबूत ओट्यावर ठेवला गेला, तशी एक परदेशी पोरगी धावत आली. ओढणी घेतली, आत गेली, चार फोटो काढले आणि बाहेर आली. पण दाराकडे यायचं सोडून ती थेट ताबुतामागच्या बायकांत जाऊन उभी राहिली. ओढणी परत घ्यायला नेझाहतला कण्हत उठून तिकडे जावंच लागलं.

"हक्क सोडलात?" इमामाने विचारलं.

"सोडला," मोजकीच माणसं पुटपुटली. नेझाहतने ओठ घट्ट मिटले. दुसऱ्यांदाही मिटलेलेच ठेवले.

तिसऱ्यांदा त्या पोरीनेही बाकीच्यांचं ऐकून, छातीवर हात ठेवून, मोडकंतोडकं म्हटलं, "सोडला."

नेझाहतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू कोण गं सोडणारी? तुझं काय घोडं मारलं होतं त्याने? हक्क माझा आहे! माझा!"

सगळे वळून बघायला लागले. पोरगी पांढरीफटक पडली.

"मग तूच सांग, ताई," इमाम हळू आवाजात म्हणाला. "बाकी कुणाचं काही अडलेलं नाही."

नेझाहतला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. हा राग घेऊन पुन्हा घरचे जिने चढायचे, त्या रागाच्याच शेजारी निजायचं. कुणासाठी?

"सोडला," ती म्हणाली. "न्या त्याला."

ताबूत खांद्यांवर चढला. पोरीने घाबरत ओढणी पुढे केली. वापरलेल्या ओढण्यांच्या टोपलीत टाकायच्या त्या ओढणीने नेझाहतने डोळे टिपले, आणि मुअम्मरने दारातल्या रांगेला थांबायला सांगितलं.