डब्यांना लावलेलं अस्तर

"माझ्या दुकानात काय नाही ते विचारा, तेवढं सांगायला सोपं जाईल," असं ती एकदा एका चौकस गिऱ्हाइकाला म्हणाली होती. गिऱ्हाईकही खमकं होतं. "बरं, काय नाही?" त्याने विचारलं. तिने जराही वेळ न लावता उत्तर दिलं, "जागा."

ते खरंच होतं. दोन्ही हात पसरले तर बोटं दोन्ही भिंतींना टेकतील एवढीशी ती खोली. पुढे लाकडी काउंटर, काउंटरमागे एक उंच, डगमगतं स्टूल, आणि स्टुलामागे जमिनीपासून छतापर्यंत पत्र्याचे डबे. बिस्किटांचे, पावडरीचे, रंगाचे, काही तर कशाचे ते कोणालाच आठवत नव्हतं. त्यांत बटणं, चष्म्याचे स्क्रू, छत्रीच्या काड्या, शिलाई मशीनच्या बॉबिन, भिंतीवरच्या घड्याळांच्या किल्ल्या, बाहुल्यांचे डोळे, बॅगेच्या चेनचे रनर, थर्मासची बुचं, पेनांच्या निबा. एवढीशी वस्तू हरवते आणि तिच्यापायी अख्खी मोठी वस्तू अडून बसते. मोठ्या दुकानात मागायला जावं तर तिथला माणूस हसून म्हणतो, नवीनच घ्या की. अशा हसून परत पाठवलेल्या माणसांचं हे दुकान होतं.

सुरुवात छत्रीच्या काड्यांपासून झाली. तिचा नवरा छत्र्या दुरुस्त करायचा. तो गेला तेव्हा मागे ते स्टूल आणि काड्यांची एक पेटी उरली. पुढे कोपऱ्यावरच्या बटणवाल्याने दुकान बंद केलं आणि उरलेली बटणं तो फेकून द्यायला निघाला. हिने ती उचलून आणली. मग खेळण्यांचं दुकान बंद पडलं, मग पेनवाल्याचं, मग बॅगवाल्याचं. बंद पडलेलं प्रत्येक दुकान शेवटी एका डब्यात मावायचं आणि तो डबा हिच्याकडे यायचा. वस्तू हातात देताना ती हमखास सांगायची, "ही बटणं कोपऱ्यावरच्या बटणवाल्याची बरं का. भला माणूस होता. मनातल्या मनात त्याचे आभार माना." काही जण हसायचे, काही जण ओशाळायचे. पण दारातून बाहेर पडताना बहुतेकांचा चेहरा थोडा निवलेला असायचा. आपल्या सदऱ्याला आता एका न पाहिलेल्या माणसाने हात लावला आहे, अशी काहीतरी जाणीव असावी ती.

डब्यांवर एकही चिठ्ठी नव्हती. गिऱ्हाइकाने वस्तू मागितली की ती वळायची, एक डबा ओढायची, कानाजवळ नेऊन हलवायची, परत ठेवायची, दुसरा ओढायची, हलवायची आणि उघडायची. त्यावरून गल्लीने तिला नाव ठेवलं होतं, खुळखुळ मावशी. एखाद्याला बोटं मोडायची सवय असते तशी हिला डबे वाजवायची, असं सगळे धरून चालले होते. शेजारी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा गाळा होता आणि मध्ये फक्त प्लायवुडची भिंत. तो तिकडून ओरडायचा, "मावशी, मी इथे केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून बसलोय आणि तुम्ही तिकडे भूकंप करताय!"

"चालू द्या हो. दचकून तरी तुमची घड्याळं वेळेवर येतील."

सवय नव्हती ती. तिला दिसत नव्हतं. गेल्या काही वर्षांत डोळ्यांपुढे धुकं साचत गेलं होतं, आधी कडेकडेने, मग मधोमध. माणूस आलं की आकार कळायचा, उजेड कळायचा. बटण आणि बाहुलीचा डोळा यांतला फरक कळायचा नाही. तो तिला कान सांगायचे. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. ज्या दिवशी हे कळेल त्या दिवशी आपल्याला स्टुलावरून उतरवतील, एवढीच एक भीती तिला होती. प्रेमानेच उतरवतील, हे ती जाणून होती. आणि प्रेमाने उतरवलेल्या माणसाला परत चढता येत नाही.

मुलगा बोटीवर इंजिन सांभाळायचा, कधीमधी घरी यायचा. घरात ती आणि सून. सून आधी औषधांच्या दुकानात कामाला होती. प्रत्येक गोळीला खण, प्रत्येक खणाला चिठ्ठी, अशी तिची शिस्त. ते काम सुटल्यावर ती सासूच्या दुकानात येऊन उभी राहिली.

"आई, मी काही मदत करू?"

"बस तिथे. हात लावू नकोस."

"अहो, मी काय खाऊन टाकणार आहे का बाहुल्यांचे डोळे?"

"खाल्लेस तर निदान कुठे गेले ते तरी कळेल."

सून हसली, पण तिला ते लागलं. नंतर ती काउंटरच्या अलीकडच्या बाजूला बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची, आणि काउंटरच्या पलीकडे कधी गेली नाही.

मग एका सकाळी दुकानाच्या पायरीचा अंदाज चुकून मावशी पडली आणि पायाचं हाड मोडलं. "घसरले," असं तिने दवाखान्यात सांगितलं. डॉक्टरांनी पाय बघितला, डोळे कशाला बघतील?

ती पलंगावर पडून असताना गल्लीने ठरवलं की मावशीसाठी काहीतरी करायचं. पुढाकार सुनेचा. समोरचे टेलरमास्तर आले, घड्याळवाला आला, येणारे-जाणारेही हात लावून गेले. एकेक डबा उतरवला, रिकामा केला, गंज खरवडला, बाहेरून रंग दिला. खाली बसलेली धूळ झटकली, वस्तू वेगवेगळ्या केल्या. सुनेने नावं सांगितली आणि घड्याळवाल्याने चिठ्ठ्या लिहिल्या, मोत्यांसारख्या अक्षरांत. मोत्यांचा आकारही घड्याळवाल्याचाच, म्हणजे मोहरीएवढा. आणि टेलरमास्तरांना सुचलं की पत्र्याला घासून वस्तूंवर चरे पडतात. त्यांनी उरल्यासुरल्या मखमलीची, फ्लॅनेलची अस्तरं शिवून प्रत्येक डब्याला आतून नीट बसवली. एवढं मन लावून त्यांनी स्वतःच्या मुलाचा कोटसुद्धा शिवला नसेल.

ती काठी टेकत परत आली तेव्हा सगळे दाराशी उभे होते. तिने डब्यांवरून हात फिरवला. ओल्या रंगाचा वास होता. "किती केलंत रे बाबांनो," ती म्हणाली, आणि स्टुलावर चढली.

"पहिलं गिऱ्हाईक मी!" टेलरमास्तर म्हणाले. "मशीनच्या पायाचा स्क्रू द्या, मावशी."

ती वळली. हात सवयीने गेला. डबा कानाजवळ नेऊन हलवला. आवाज आला नाही. दुसरा हलवला. तोही गप्प. तिसरा. ओळखीच्या माणसाला रस्त्यात हाक मारावी आणि त्याने मान वळवू नये, तसे ते डबे एकामागून एक तिच्या हातातून जात होते.

"काय मावशी, भूकंप बंद केला की नाही आम्ही?" घड्याळवाला हसला. मग त्याचं हसणं मध्येच थांबलं, कारण ती पुन्हा पहिलाच डबा हलवत होती.

"आई," सून हळूच म्हणाली, "तुमच्या हातात आहे तोच डबा. चिठ्ठी वाचा ना."

तिने डबा डोळ्यांशी नेला. लांब धरला. परत जवळ आणला.

"चष्मा घरी राहिला," ती म्हणाली.

"तुम्ही चष्मा कधी लावता?" सुनेने विचारलं.

टेलरमास्तरांनी आपल्या हातातल्या मोजपट्टीची गुंडाळी करायला घेतली, सोडली, परत केली. "मावशी," ते शेवटी म्हणाले, "आम्ही घाण केली का हो?"

तिने डबा उघडला आणि आतल्या मखमलीवरून अंगठा फिरवला. टाके मोजावेत इतका सावकाश.

"छे हो. माझ्या भंगाराला तुम्ही गाद्या घातल्यात. माझ्या लग्नातसुद्धा माझी एवढी बडदास्त कोणी ठेवली नव्हती."

सगळे हसले, आणि हसता हसता एकेक जण काहीतरी काम निघाल्यासारखा पांगला.

दुकानात दोघीच उरल्या. सुनेने एक डबा खाली घेतला आणि ती दातांनी अस्तराचा दोरा तोडू लागली.

"राहू दे," सासू म्हणाली. मग तिने सरळच विचारलं, "आता उतरवशील ना मला?"

"कुठून?"

"स्टुलावरून."

सुनेने स्टुलाकडे पाहिलं. "आई, ते इतकं डुगडुगतं की त्यावर बसायची माझी छाती नाही. तुम्हीच बसा." आणि दोरा तोडत म्हणाली, "मला फक्त एक सांगा. हे सगळं तुम्ही कानांनी करत होता, मग मला का नाही शिकवलंत?"

"शिकवलं असतं तर सांगावं लागलं असतं."

"मग आता काय, सांगायचं राहिलंय का?"

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सुनेने तिला पुढच्याच आठवड्यात नेलं. गेलेलं परत येणार नाही, ते म्हणाले. उरलंय ते जपता येईल. परत येताना सासू म्हणाली, "बघ, मी म्हणतच होते की नाही, सगळं गेलेलं नाही." सुनेने मान डोलावली. ते तिला दिसलं नसावं, म्हणून मग ती "हो" म्हणाली.

अस्तरं निघाली. टेलरमास्तर कुरकुरत रोज थोडी थोडी उसवून न्यायचे. शिवण्यापेक्षा उसवायला जास्त जीव लागतो म्हणायचे. चिठ्ठ्या तशाच राहिल्या. आणि दुपारी, गिऱ्हाईक नसताना, सून काउंटरच्या पलीकडे उभी राहून डोळे मिटायची आणि सासू एकेक डबा हलवायची.

"हा कोण?"

"निबा."

"निबा कुजबुजतात. हे भांडतंय. नीट ऐक."

"हुक?"

"हुकच. आता हा?"

"बटणं... नाही, थांबा. बाहुल्यांचे डोळे."

"कशावरून?"

"बटणं पटकन गप्प होतात. हे मागून थोडे घरंगळतात."

प्लायवुडच्या पलीकडून घड्याळवाला ओरडला, "आता एकाच्या जागी दोन भूकंप! मी कुठे जाऊ?"

"इथेच बसा," सासू म्हणाली. "तुमचा आवाज आला की मला भिंत कुठे आहे ते कळतं."

त्या दिवसांत ती पुष्कळ बोलायची. कोणाच्या दुकानातून काय आलं, कोण कसं हसायचं, पेनवाला शाई कशी वास घेऊन ओळखायचा. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, ती आठवणी काढते आहे. खरं तर ती माल सोपवत होती. एकदा ती टेलरमास्तरांना म्हणाली, "तुम्ही ती अस्तरं लावलीत म्हणून बरं झालं. नाहीतर मी तशीच गेले असते, कोणाला काही न सांगता. आणि ही पोर चिठ्ठ्या वाचत बसली असती." टेलरमास्तरांनी तिच्या स्वेटरच्या बाहीवरचं नसलेलं सूत काढलं.

माणसाला आयुष्यभर सांभाळलेली गोष्ट हातातून जाताना रिकामं वाटतं असं म्हणतात. तिला वाटत असेलही. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी ती डब्यांच्या रांगेवर तळहात ठेवून थोडी थांबायची. पण घरी जाताना सुनेच्या दंडाला धरून चालायची, आणि त्या पकडीत पूर्वीसारखी सावधगिरी नसायची. दिसत नाही हे लपवण्यात केवढी ताकद जात होती, हे तिला ते लपवणं सुटल्यावरच कळलं.

मग एका दुपारी एक परका माणूस दुकानात आला. खांद्यावर जुना कोट. त्याने तो काउंटरवर पसरला आणि चेन दाखवली. रनर तुटला होता. स्टुलावर सून होती. त्या दिवशी सासूचा पाय दुखत होता, म्हणून ती अलीकडच्या खुर्चीवर पाय लांब करून बसली होती.

सून वळली. डबा ओढला, हलवला, परत ठेवला. दुसरा हलवला आणि उघडला. चिठ्ठीकडे तिने पाहिलंही नाही. रनर चेनवर चढवून वर-खाली करून पाहिला. त्या माणसाने कोट अंगात घालून गळ्यापर्यंत चेन ओढली आणि लहान मुलासारखा खूश झाला.

"सगळीकडे फिरलो हो. सगळे हसायचे. बरं झालं, इथे आलो." त्याने डब्यांवरून छतापर्यंत नजर नेली. "दुकान तुमचंच का?"

सुनेने खुर्चीकडे पाहिलं. त्या प्रश्नाचं उत्तर आजवर एकाच तोंडातून यायचं, आणि ते तोंड उघडलंही होतं. कोटवाला माणूस एकीकडून दुसरीकडे बघत वाट पाहत राहिला.

म्हातारीने तोंड मिटलं. खुर्चीच्या दांड्याला टेकवलेली काठी घेतली, पायाने चपला चाचपल्या आणि ती उठली. सून स्टुलावरून उतरून काउंटरला वळसा घालायला निघाली, तशी म्हातारीने हात वर करून तिला परत स्टुलाकडे जायची खूण केली. मग दाराच्या चौकटीला बोटं लावली, बाहेरच्या उन्हाकडे चेहरा केला, आणि उत्तर सुनेवर सोडून ती बाहेर पडली.