बांच्या खोलीचे ब्रेक

सातवीत शाळा सुटली आणि मी खानदेशातून सुरतेला आलो. नव्वदच्या दशकात तिथल्या बमरोली भागात एका शेठचा छोटा ट्रक चालवायचो. शेठच्या आईला सगळे बा म्हणत, मीही. मला ताप आला की कामगारांच्या खोलीवर खिचडी पाठवणाऱ्या त्याच. त्यांचं माहेर धुळ्याचं. मराठीत बोलायला घरात कुणी नव्हतं, म्हणून मी दिसलो की त्यांना हुरूप यायचा.

बांची पाठ गेली होती. तासभर बसवत नव्हतं, आणि धुळ्याच्या थोरल्या बहिणीला एकदा भेटायचं मनात होतं. शेठनं मग ट्रकला मागे जोडायची चाकांवरची खोलीच बांधून घेतली. आत पलंग, खिडकी, छोटा पंखा. चालवणार मी. जाताना कोंडाईबारीचा घाट चढायचा होता, त्याचं काही नाही. पण येताना तोच उतार, आणि मागे झोपलेल्या बा. ट्रकचे ब्रेक पुरतील का, हीच धास्ती.

ट्रक सुरतेतच गोडादऱ्याला आमच्या मेकॅनिककडे, उस्तादकडे नेला. ब्रेकचे मोठे ड्रम, नवे लायनर, बूस्टर, सगळं बसवून घेतलं. ट्रक जागच्या जागी थांबायला लागला तसा मी खूश झालो. उस्ताद म्हणाला, "खोली जोड. तू मागे पलंगावर झोप, मी चालवतो."

मोकळ्या रस्त्यावर त्यानं ब्रेक दाबला. ट्रक थांबला, खोली थांबेना. तिनं ट्रकला मागून असं ढकललं की मी पलंगावरून थेट खाली.

दार उघडून उस्ताद म्हणाला, "काय खानदेश, झोप लागली का? पुढच्याला थांबायचं शिकवलंस, मागचीला कुणी सांगायचं?"

मग खोलीच्या चाकांनाही ब्रेक बसवले. खोली पुढे रेटायला लागली की जोडणीचा दांडा आत दबायचा आणि तिचे ब्रेक आपोआप लागायचे. मी पुन्हा पलंगावर. आता हिसका बसत होता. ब्रेकची तार थोडी सैल कर, परत झोप, परत घट्ट कर, असं चाललं. उस्ताद वैतागला.

"अरे, तुझी बा आहे की काचेची बरणी?"

"दोन्ही," मी म्हणालो. तो हसला आणि पुन्हा गाडीखाली शिरला.

धुळ्यात दोघी बहिणी एकाच खाटेवर आडव्या पडून बोलत राहिल्या. निघताना दोघींनी आवाज करून रडणं टाळलं.

परतीला घाटमाथ्यावरच मी खालचा गिअर टाकला. मागचे ट्रक हॉर्न देत पुढे गेले. शेजारी बसलेले शेठ म्हणाले, "आज पोचायचंय ना आपल्याला?" खोली निमूट मागे येत होती. तेच मला सोसेना. मागून काहीच आवाज नाही. निम्म्या घाटात रुंद जागा बघून ट्रक बाजूला घेतला, चाकांना दगड लावले आणि मागचं दार उघडलं.

शेठच्या बायको, आमच्या भाभी, बांच्या पायाशी झोपल्या होत्या. बा जाग्या होत्या.

"काय झालं, दीकरा?" लेकाला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"काही नाही, बा. तुम्हाला कुठं लागलं का, बघायला आलो."

"लागायला घाट तर येऊ दे."

"निम्मा उतरलो, बा."

त्यांनी मान वळवून खिडकीतून खाली बघितलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"मग उरलेला पण उतर," त्या हळूच म्हणाल्या. "आणि परत विचारायला येऊ नकोस. हिला उठवशील."

मी दगड काढले आणि पुढे बघून ट्रक चालवला.