पेशी जेवल्या का?

१२ नोव्हेंबर. प्रयोगशाळेतली द्रव नायट्रोजनची जुनी टाकी रिकामी करायची होती. तळाशी माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या नळ्या निघाल्या. पुण्यात वाढवलेल्या, हॅम्बुर्गला नेलेल्या आणि मग इथे एडिनबरोला आणलेल्या माझ्या पेशी. देश बदलताना सामान आधी त्यांचं बांधायचं, मग स्वतःचं.

गोठवलेली पेशी वर्षानुवर्षं थांबते. वाढत्या पेशींना मात्र दर दोन दिवसांनी ताजं खाद्य लागतं, आणि ते काम मी कधी कुणावर सोपवलं नाही. आई बोलवायची तेव्हा म्हणायचे, "पेशींना खायला घालायचंय, कशी येऊ?" खरं तर तेवढ्यापुरत्या त्या गोठवता आल्या असत्या. आईला ते ठाऊक नव्हतं, मला होतं. आमच्या क्षेत्रातले पुष्कळजण असं काहीतरी सांगत राहतात आणि घरचे ऐकून घेतात.

दुपारी साताऱ्याहून ताईचा फोन आला.

"आईने आज मला ओळखलंच नाही, नर्सबाई समजली."

"माझं नाव काढते?"

"तुझं काय बाई, लाडकी तू. रोज विचारते, धाकटीच्या पेशी जेवल्या का?"

ताई हसली. मला हसता आलं नाही. हातातल्या नळीतला बर्फ वितळायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटरमध्ये वाढत असलेल्या सगळ्या पेशी गोठवल्या, महिन्याची रजा टाकली आणि ताईला फोन लावला.

"आईला सांग, जेवल्या. मी निघतेय."